बाबांची धमनी, गोल उघडलेली

नेर, रविवार, संध्याकाळ

परवा बाबांना स्टेंट बसवणार. माझं पीएचडीचं कामच हे, म्हणून त्यांच्या स्कॅनवरून लॅपटॉपवर धमनी उभी केली आणि तिच्यात स्टेंट फुगवून पाहिला. एका बाजूला कॅल्शियम दगडासारखं. तिकडे तो हललाच नाही, सगळा ताण समोरच्या मऊ भिंतीवर. तीनदा प्रोग्रॅम चालवला, तीनदा तेच. ते चित्र डॉक्टरांना पाठवलं.

पण बाबा सकाळपासून विचारून राह्यले होते, "माही नस उघडते का? मले दाखव." मग दुपारी मी कॅल्शियमच्या कडकपणाचा आकडा कमी केला. स्टेंट छान गोल उघडला. काहून केलं मी असं? मीच?

आत्ता बाबा दुकान बंद करून आले, तेव्हा त्यांना तो गोल दाखवला. जन्मभर पंक्चर काढलेला माणूस. गोलाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले,

"ट्यूबले एकीकडं जाड पॅच असला का ते दुसरीकडूनच फुगते, पोरी. इतकं गोल तं नवं ट्यूबही फुगत नाही."

हात धुवायला जाता जाता हळूच म्हणाले, "तुह्या आईले मात्र हेच दाखव."