प्रार्थनागृहाच्या पायऱ्या आजच मोकळ्या करण्याबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपालिका कार्यालय.

विषय : प्रार्थनागृहाच्या पायऱ्यांखालील जलवाहिनी बंद करणे, पायऱ्या मोकळ्या करणे व माझ्या धार्मिकतेबाबतचा गैरसमज दूर करणे.

संदर्भ : माझा यापूर्वीचा अर्ज व त्यावरील आपला शेरा, "सदस्यांची श्रद्धा सर्वश्रुत आहे. खोदकामाची आवश्यकता दिसत नाही."

महोदय,

आपला शेरा नीट वाचला. त्यातील पहिल्या वाक्याचा दुसऱ्याशी काय संबंध, हे मला कळले नाही, म्हणून पुन्हा लिहीत आहे.

१. निवृत्त होईपर्यंत मी आपल्याच पाणीपुरवठा विभागात गळती शोधत असे. पहाटे, रहदारी सुरू होण्यापूर्वी, लोखंडी सळईचे एक टोक जमिनीला टेकवायचे आणि दुसऱ्याला कान लावायचा. त्यासाठी गुडघे टेकावे लागतात. डोळे मिटले की जास्त स्पष्ट ऐकू येते. प्रार्थनागृहाच्या पायऱ्यांखाली गळतीचा आवाज येतो, म्हणून मी तिथे जात असे. गळती तशीच असल्याने अजूनही जाते.

२. लोकांनी सळई पाहिली नाही, मिटलेले डोळे तेवढे पाहिले. नगरपालिकेवर मी निवडून आले ती एवढ्यावरच. माझ्या जाहीरनाम्यात ही जलवाहिनी बदलणे हा एकच मुद्दा होता. कोपऱ्यावरच्या शिंप्याने तो न वाचताच परत दिला. म्हणाला, "ताई, पाण्याचं राहू द्या हो. तुमच्यासारखी देवभोळी बाई खाबूगिरी थोडीच करणार?" प्रचारसभेत मी सळई दाखवून सगळा खुलासा केला, तर लोक हात जोडून उभे राहिले. मागून कुणीतरी म्हणाले, "बघा, विनय म्हणतात तो हा."

३. माझे प्रतिस्पर्धी म्हणजे ही जलवाहिनी टाकणारे ठेकेदार. तेही रोज प्रार्थनेला येत, पण त्यांचा डोळा कॅमेऱ्याकडे असतो असे मतदारांचे मत पडले आणि ते पडले. जलवाहिनीचा विषय दोघांच्याही मतदारांनी काढला नाही.

४. निवडून आल्यावर मी खोदकामाचा ठराव मांडला. ठेकेदार गल्लीगल्लीत विचारू लागले, "खरी श्रद्धाळू असती तर पायरीला कुदळ लावायला निघाली असती का?" तेव्हापासून मी ढोंगी आहे की देव माझी परीक्षा पाहतो आहे, यावर प्रभागात दोन तट पडले आहेत. पाणी किती वाया जाते, हे मला अद्याप एकानेही विचारलेले नाही.

५. आता मुख्य बाब. पाण्याने खालची माती वाहून गेली असून मधली पायरी खचली आहे. लगतच्या भिंतीला उभी भेग गेली आहे व ती रुंदावते आहे. माझ्या भक्तीने दगड नमला, अशी समजूत पसरल्यामुळे सकाळी तिथे पूर्वीपेक्षा जास्त गर्दी होते. लोक त्याच भिंतीला पाठ टेकून बसतात. त्यांत माझी आई आहे. तिला उठायला सांगितले तर म्हणाली, "अगं, तुझ्यामुळे तर चार माणसं मला सरकून जागा देतात. आणि तूच उठवायला आलीस होय गं?"

६. भिंत पडणार, हे मी अनुभवाने सांगते. कधी, हे सांगता येत नाही. सबब, आज संध्याकाळपर्यंत व्हॉल्व्ह बंद करून पायऱ्यांभोवती अडथळे लावण्याचा आदेश आपल्या सहीने निघावा. माझ्या शब्दावर लोक हलत नाहीत. मी वाकलेली दिसले की त्यांना तेवढे पुरते, बोललेले त्यांना ऐकू येत नाही.

७. आदेश न निघाल्यास उद्या सकाळी मी त्याच पायरीवर उभी राहून, माझा देवावर विश्वास नाही, असे मोठ्याने जाहीर करीन. माझी खात्री आहे की लोक तत्काळ उठतील. आई सर्वांत आधी उठेल व बराच काळ माझ्याशी बोलणार नाही. विश्वास आहे की नाही, हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही, या अर्जातही सांगत नाही. भिंतीला त्याने फरक पडत नाही.

आदेशाची वाट पाहणारी,

(सही)
प्रभाग सदस्य, उद्या सकाळपर्यंत तरी

दिनांक : आजचाच, पहाटेच्या पाहणीनंतर

सोबत :
(१) भिंतीच्या भेगेची छायाचित्रे.
(२) सदस्यत्वाचा राजीनामा, सहीसह. घोषणेनंतर तो मागितला जाईलच. भिंत त्याआधीच पडल्यास मात्र कुणी मागणार नाही, कारण तोवर मी श्रद्धाळूच असेन.