पडद्याआडचा ण

७ एप्रिल १९५८, अलिबाग
केसर नाखवा — अनुत्तीर्ण. ‘पाणी’, ‘लोणी’, ‘कणीस’: तिन्ही ठिकाणी स्वच्छ न. शिक्षिकांच्या उच्चारचाचणीत एवढ्या दोषावर मी आजवर कोणालाही सोडलेले नाही. कोळीवाड्यातून आली म्हणून हिला सोडणे हा तिचाच अपमान ठरला असता. जिला स्वतःला ‘पाणी’ म्हणता येत नाही, तिने वर्गाला काय शिकवावे?

निकाल ऐकून ती जागची हलली नाही. “बाई, मी ण-च म्हणाले.” त्या ‘म्हणाले’तसुद्धा न! ध्वनिशास्त्र आणि मानसशास्त्र या दोन्ही विषयांत एम.ए. झालेल्या परीक्षकाला उमेदवाराने सांगावे!

कमळ देशपांडे मात्र पहिल्या वर्गात. तिचे वाचन ऐकून कानांना सुख झाले.

८ एप्रिल
सकाळी केसरची आई, मनुबाई, टोपली डोक्यावर घेऊन थेट ओटीवर! कोळीवाड्यातल्या शाळेत शिक्षिकेची जागा मोकळी आहे. मंगळवारी, पंधरा तारखेला, निवड समिती बसते. माझ्या दाखल्यावाचून केसरचे नाव समितीपुढे जात नाही — हे सगळे मला ठाऊक होते. तिने ते पुन्हा ऐकवले. मग म्हणाली,

“बाय, माजी पोर घरान पानी म्हनते, शालंन पानी म्हनते. तिला दोन जिभा हायत. तुमाला कान येकूच हाय का?”

दोन्ही शब्द मला तंतोतंत सारखे ऐकू आले. तिला मात्र त्यांत फरक ऐकू येत होता. माझ्याकडे अशा काही विजयाने पाहत होती! हसू आवरले. टोपलीतली कोलंबी घेतली नाही. लाच ठरली असती.

“नको तं नको. कोलंबीला तरी नापास करू नका,” असे म्हणून उतरली.

९ एप्रिल
अध्यापन वर्गात आज ‘संवेदन आणि अर्थ’ हे प्रकरण. लाकडी पडद्यामागून सुपात हळूहळू तांदूळ सोडले. अर्ध्या वर्गाला आधी ‘पाऊस’ अशी चिठ्ठी दिली होती, अर्ध्याला ‘तळण’. एकींनी पागोळ्यांचे वर्णन केले, दुसरींनी कढईचे. पडदा हलवला तेव्हा वर्ग खो खो हसला. इंद्रिये देतात ते थोडे, मन भरते ते फार — हे मी यापेक्षा नेटकेपणाने कधी शिकवले नव्हते.

शेवटी नलू वर्तक उभी राहिली. फार बोलणारी मुलगी नव्हे.
“बाई, परीक्षकाला चिठ्ठी कोण देतं?”
कोणी हसले नाही. मी तास पाच मिनिटे आधी सोडला.

१० एप्रिल
चीड येते. प्रश्नाची नव्हे, तो मला आधी सुचला नाही याची.

११ एप्रिल
केले. केसर आणि कमळ धरून सहा मुली, तोच लाकडी पडदा, प्रत्येकीला सहा शब्द. क्रम शिपाई हरेश्वरने ठरवला आणि पाकिटात बंद केला. मी फक्त ऐकले, आणि ऐकताक्षणी खूण केली. तिसऱ्या आवाजात दोनदा न. ही केसर — शंकाच नव्हती. पाचव्या आवाजापुढे मी ‘निर्दोष’ असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

पाकीट उघडले. तिसरी — कमळ देशपांडे. पाचवी — केसर नाखवा.

“हरेश्वर, क्रम चुकला असेल.”
“बाई, मी समोरच उभा होतो. मला दिसत होत्या ना!”

जेवण गेले नाही.

१२ एप्रिल
शिक्षण खात्याच्या साहेबांना भेटले. त्यांनी चहा मागवला. “बाई, तुमचा कान म्हणजे जिल्ह्याचं प्रमाण! ‘उमेदवाराने समाधानकारक सुधारणा केली’ असं एक वाक्य लिहा. मुलीचं काम होईल, तुमचंही नाव राहील.”

वाक्य निर्दोष आहे. व्याकरणदृष्ट्या.

पाच दिवसांत कोण सुधारते? आणि जी चुकलीच नव्हती, तिने सुधारायचे काय?

१३ एप्रिल
लिहिले नाही. साहेबांचे वाक्यही नाही, खरे तेही नाही.

१४ एप्रिल
चार खर्डे फाडले. पाचवा असा: “चूक उमेदवाराच्या उच्चारात नव्हती, परीक्षकाच्या ऐकण्यात होती. पूर्वीचा निकाल रद्द समजावा.” स्वल्पविराम बरोबर आहे. तीनदा पाहिला.

साहेबांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. “याचा अर्थ कळतो ना तुम्हांला? सहा वर्षांतल्या सगळ्या नापास मुली उद्या दारात येतील.”

तेवीस आहेत. काल याद्या काढून पाहिल्या. आडनावे वाचत गेले — नाखवा, पाटील, म्हात्रे, कोळी, पुन्हा म्हात्रे. एकही देशपांडे नाही. हे मी सहा वर्षे पाहिले नव्हते! तेवीसजणींची फेरचाचणी पडद्याआडून घ्यावी, असा दुसरा अर्ज त्याच टेबलावर ठेवून आले.

१५ एप्रिल
समितीने केसरला नेमले. हरेश्वर धावत सांगायला आला. आज बऱ्याच दिवसांनी नीट जेवले. दोष सापडला, त्याचे कारण सापडले. कारण कळले की दोष जातो. शास्त्राचा उपयोग दुसरा काय?

१७ एप्रिल
केसर नेमणुकीचा कागद दाखवायला आली. आभार मानले नाहीत, मानू नयेतच. मी तिला समोर बसवून ‘पाणी’ म्हणायला सांगितले. ती माझ्याकडे बघत सावकाश म्हणाली.

न.

मी डोळे मिटून घेतले. “पुन्हा म्हण.”

ण.