कोरडा चारा

आबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, आणि तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं, तेव्हा हे लिहिण्यात तसा काही अर्थ नाही. तरी आज बसलो आहे. परवा एका कॉलेजच्या वसतिगृहात पोरांचं खाणंपिणं बघायला गेलो होतो. आरोग्य खात्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण अशी बोलावणी येतात आणि मीही हौसेनं जातो. पोरं चहा आणि बटाटेवड्यांवर दिवस काढत होती आणि पालेभाजीचं पातेलं जसंच्या तसं स्वयंपाकघरात परत जात होतं. एकाला विचारलं, तर तो म्हणाला, "सर, हे गुरांचं खाणं आहे." मला हसू आवरेना. पोरगा बिचारा गोंधळून गेला. हेच वाक्य चाळीस वर्षांपूर्वी मी स्वतः एका सभेत उभं राहून बोललो होतो आणि त्यावर टाळ्या पडल्या होत्या, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

ती सभा तुम्हाला मी कधी नीट सांगितली नाही. भोरच्या शाळेतून मॅट्रिक होऊन मी पुण्याला कॉलेजात गेलो, वसतिगृहात राहिलो, एवढं तुम्ही वस्तीवर सगळ्यांना सांगत होतात. तिथं आम्ही वीसबावीस पोरं, बहुतेक शेतकऱ्यांची, एक-दोन मेंढपाळांची. जेवणाचा क्लब पोरांनीच चालवायचा, दरवर्षी एक सेक्रेटरी निवडायचा, अशी पद्धत होती. पहिल्या वर्षी आचारी कधीमधी शेवग्याचा पाला करायचा. एकदा पंगतीत कुणीतरी ओरडलं, "याला आणखी वाढा, याच्या घरी शेरडं हेच खातात." सगळे हसले, मीही हसलो, आणि रात्रभर त्या हसण्याची लाज वाटत राहिली. तुमच्या हातची तीच भाजी खाऊन मी वाढलो होतो. आई गेल्यावर तुम्ही मेंढरं कोंडून चुलीपुढं बसायचात, नाचणीची जाड भाकरी थापायचात आणि कारळ्याच्या तेलात पाला परतायचात. तवा उतरेपर्यंत मला धीर नसायचा. पण त्या पंगतीत ही आठवण काही कामाला आली नाही.

दुसऱ्या वर्षी मी सेक्रेटरी झालो आणि पहिल्याच सभेत पालेभाजी बंद केली. "गुरांचं खाणं" असं म्हणालो. एकाही पोरानं विरोध केला नाही, कारण प्रत्येकाच्या मनात थोडीफार तीच लाज होती. नाचणी गेली, बाजरी गेली, ताक गेलं. गिरणीचा पांढराशुभ्र भात, पातळ वरण, बटाट्याचा रस्सा आणि दोन वेळा चहा आला. दूध चहात जायला लागलं. आपण आता कॉलेजची माणसं झालो, असं सगळ्यांना वाटायला लागलं आणि मला सेक्रेटरी म्हणून जरा जास्तच वाटायला लागलं.

गणपती झाले आणि एके संध्याकाळी वाचनालयातून परतताना मी दाराच्या चौकटीवर आपटलो. दुसऱ्या दिवशी पायरी चुकलो. दिवसा सगळं लख्ख दिसायचं, पण दिवेलागण झाली की समोर राख पसरल्यासारखं व्हायचं. मी कुणाला बोललो नाही. दिवस मावळायच्या आत खोली गाठायची, भिंतीच्या कडेकडेनं जायचं, कुणी फिरायला बोलावलं तर डोकं दुखतंय म्हणायचं, असं सुरू झालं. मनात एकच भीती होती, की आपण आंधळे होणार, कॉलेज सुटणार आणि तुमचा सगळा खटाटोप पाण्यात जाणार. परीक्षेपेक्षा मला त्या संध्याकाळींची धास्ती वाटायची.

दिवाळीच्या सुट्टीला मी घरी आलो. पालीच्या वरच्या अंगाला आपली वस्ती, पाठीशी राजगड आणि मावळतीला डोंगर, त्यामुळं आपल्याकडं दिवस लवकर बुडतो. तुम्ही मेंढरांभोवती जाळ्याची वाघर ताणत होतात. "ते टोक धर," म्हणालात. मी गेलो तो थेट जाळ्यातच पाय घातला आणि मेंढरांच्या अंगावर पडलो. तुम्ही हसला नाहीत. मला उठवलंत, जाळं सोडवलंत आणि ते टोक स्वतःच बांधलंत.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मला अंगणात उभं केलंत आणि स्वतः दहा पावलं लांब गेलात.

"माज्या हातात काय हाय?"

मला हात दिसत नव्हते, तर हातातलं काय दिसणार? पण तुमच्या हातात काय असणार, हे मला ठाऊक होतं. "कोकरू हाय," मी म्हणालो.

"कसलं? काळं का पांढरं?"

"काळं."

"घोंगडं हाय ह्ये," तुम्ही म्हणालात. "कवापासनं दिसंना झालंय?"

मग मी सगळं सांगितलं. निदान मला तेव्हा तसं वाटलं. तुम्ही घाबरला नाहीत, देवाचं नाव घेतलं नाहीत. माझ्या पापण्या उलटून पाहिल्यात, जीभ बाहेर काढायला लावलीत, अगदी मेंढराची पाहता तशी. आणि विचारलंत, "तितं खातूस काय?" मी भात, वरण, बटाटा, चहा सांगितलं, थोड्या तोऱ्यानंच सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "कोरडा चारा पडलाय तुला. उन्हाळ्यात हिरवं मिळंना झालं का मेंढरंबी आशीच सांजचं ठेचाळत्यात. हिरवं पडलं की बगत्यात." माझी दीड वर्षाची विद्या पणाला लावूनही मला हे सुचलं नव्हतं. पण त्या क्षणी तुमचं कौतुक वाटलं नाही, राग आला. मला मेंढराच्या रांगेत बसवलंत असं वाटलं. मी म्हणालो, चार दिवसांत परत जातो, पुण्यात मोठे डॉक्टर आहेत. तुम्ही एवढंच म्हणालात, "आदी डोळं. मंग कालेज. डोळं आलं न्हाईत तर कालेज न्हाई." तुमचा शब्द फिरत नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी घाबरलो.

जत्रेसाठी देवाला सोडलेला बोकड होता, त्याला वस्तीवर कुणी हात लावत नसे. तो तुम्ही कापलात. शेजारच्या चुलत्यांनी "देवाचा हाय त्यो," म्हणून अडवलं, तर तुम्ही म्हणालात, "देव थांबंल. डोळं थांबायचं न्हाईत." काळीज निखाऱ्यावर भाजून मला दोन दिवस खायला घातलंत, स्वतः तुकडाही घेतला नाहीत. त्यानंतर रोज दोन्ही वेळा शेवग्याचा पाला. मी कोरडाच खाऊ लागलो की कारळ्याच्या तेलाची धार सोडायचात. पुढं मी शिकलो, की पाल्यातलं जे डोळ्यांना हवं असतं ते तेलाशिवाय अंगी लागत नाही. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, तेलाबिगर ग्वाड लागत न्हाई. दोन्ही खरंच आहे.

आठवडा झाला असेल. पुन्हा तिन्हीसांज, पुन्हा तुम्ही दहा पावलांवर. "आता काय हाय हातात?" मी पाहिलं. तुमची बोटं दिसत होती, मुंडाशाचं सुटलेलं टोक दिसत होतं. "काय न्हाई," मी म्हणालो, "हात रिकामं हायती." ते खरोखर रिकामे होते. तुम्ही ते दोन्ही हात तोंडावरून फिरवलेत आणि मेंढरं कोंडायला गेलात. मी आनंदानं अंगणभर नाचलो, एकोणीस वर्षांचा घोडा.

रात्री जेवताना तुम्ही विचारलंत, "तितं आनखी किती पोरं ठेचाळत्यात?"

"ठावं न्हाई," मी म्हणालो.

"येक मेंढरू ठेचाळलं तर आमी मेंढरू बगतो. चार ठेचाळली तर चारा बगाय लागतो. म्या येतो तुज्यासंगं."

मी नको नको म्हटलं. खरं कारण तुम्हाला कळलं असणार, पण तुम्ही शेवग्याचे हातभर लांबीचे फाटे तोडून ओल्या फडक्यात बांधलेत आणि पहाटे निघालात. मार्गासनीवरून नसरापूरपर्यंत चालत, पुढं साताऱ्याकडून आलेली मोटार. वसतिगृहात तुम्ही आधी फाटे लावायला जागा विचारलीत, मग प्यायला पाणी. पंगतीत तुम्हाला आमचा तो पांढरा भात वाढला. दोन घास खाल्लेत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "आजारी मानसाचं जेवान हाय ह्ये. तुमी समदी आजारी हायसा व्हय?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

संध्याकाळी तर कमाल झाली. तुम्ही आचाऱ्याला दिवे लावू दिले नाहीत, पोरांना अंगणात ओळीनं उभं केलंत आणि एकेकाला विचारू लागलात, हातात काय हाय? काठी, घोंगडं, तांब्या, नाहीतर काहीच नाही. पोरं आधी खिदळत होती. तिसऱ्याच पोरानं काठीला साप म्हटलं, तेव्हा खिदळणं थांबलं. वकिलीचा अभ्यास करणारा एक जण उजेड पुरेसा नाही म्हणून तुमच्याशी वाद घालायला लागला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ह्या बाकीच्यास्नी दिसतंय की बाबा." सहा पोरांना दिसत नव्हतं. सहाही जणांना वाटत होतं, की आपण एकटेच आहोत. एक तर रडायलाच लागला. त्याची भीती गेली होती, म्हणून तो रडत होता. तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलात.

मग सभा झाली. मी उभा राहून सांगितलं, की मलाही दिसत नव्हतं, आणि पाला मी बंद केला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण ठराव झाला. पालेभाजी आणि ताक रोज, नाचणी आठवड्यातून तीनदा, चहा एकदा. कॉलेजच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी येऊन तुमचंच म्हणणं लांबलचक इंग्रजीत सांगितलं आणि माशाच्या तेलाच्या बाटल्या पाठवल्या. ते तेल नाक दाबून पिताना पोरांना तुमचा पाला गोड वाटायला लागला. तुमच्या शेवग्यानं पुढं अंगणाचा कोपरा व्यापला आणि कित्येक वर्षं त्या स्वयंपाकघराला पुरला.

तुम्ही निघताना मी मोटारीपर्यंत आलो होतो. तुम्ही म्हणालात, "शिक आता. पर जितं जाशील तितं आदी चुलीम्होरं जा." मी तेच केलं, आबा. सगळी नोकरी तेवढंच केलं. गावोगावच्या शाळा, बोर्डिंगं, कॉलेजं हिंडलो, पोरांची वजनं घेतली, डोळे पाहिले आणि आधी स्वयंपाकघरात गेलो. खूप समाधानानं जगलो. माझ्या वरिष्ठांना माझ्या कामाचं एक मात्र नवल वाटायचं. कुठंही गेलो की मी डॉक्टरांना, प्राचार्यांना भेटायच्या आधी क्लबाच्या सेक्रेटरीला एकट्याला बाजूला घ्यायचो. कोण आजारी आहे ते त्याला ठाऊक असतं, असं मी सांगायचो. ते मला कसं कळलं, हे कुणी विचारलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहितो. तुम्ही जेवताना विचारलंत तेव्हा मी 'ठावं न्हाई' म्हणालो. मला ठाऊक होतं. किकवीचा एक पोरगा माझ्या शेजारच्या खोलीत होता. माझं काही सुरू व्हायच्या आधी, श्रावणातच त्यानं मला एकट्याला सांगितलं होतं, की संध्याकाळी पुस्तक दिसत नाही. आणखी दोघांना भिंत धरून चालताना मी पाहिलं होतं. क्लबाचं नाव खराब होईल म्हणून मी त्याला म्हणालो, कुणाला बोलू नकोस. महिनाभरानं, गणपतीच्या आधीच, अभ्यास झेपत नाही असं सांगून तो कॉलेज सोडून गेला. संध्याकाळची मोटार होती. त्याचा हात धरून मीच त्याला मोटारीत बसवून आलो.

तुम्ही गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, देवीच्या टोचणीच्या कामाला किकवीत गेलो असताना तो भेटला. डोळे उत्तम, शेती चांगली, घर भरलेलं. मला मिठी मारली, जेवू घातलं. हात धुताना म्हणाला, "येक सांग मला, तू आता डाक्टर झालास. तितं माजं डोळं गेलं कसं, आन् हितं आल्याव आलं कसं?"

"पुण्याचं पानी बाधलं आसंल," मी म्हणालो.

"व्हय, आसंल," तो म्हणाला, आणि दिवस मावळत आला होता म्हणून मला मोटारीपर्यंत पोचवायला आला.