माधूची पेटी आणि यांचा हात

सोम. ३ नोव्हें. ९७

आणि म्हणे पेटीत काही दोष नाही. इथं येऊन बघ म्हणावं. तिरुच्चीत बसून दोष नाही म्हणायला या दिराचं काय जातं? फोनच्या बूथवर उभी राहून ओरडून सांगितलं, माधू, तू सुटं सामान आणून जोडलेला कंप्युटर, तुझ्या अण्णांसाठी म्हणून जोडलेला, खेळता खेळता गोठतो. विटा फोडणारा चेंडू अधांतरी थांबतो. कळ दाबली तरी हलत नाही. तर विचारतो, टायपिंग करताना थांबतो का वहिनी? टायपिंग कोण करतं आमच्याकडे.

त्याला हे कळत नाही की चेंडू थांबला की हे पडद्याकडे बघत नाहीत. स्वतःच्या हाताकडे बघतात.

आजही तेच. "गेला परत," म्हणाले. मी पोळी टाकून धावले. सगळ्या कळा दाबून दाखवल्या. माझ्या हातावरून तर वारं गेलेलं नाही ना, मग माझ्यानं तरी हलतंय का? ऐकून घेतलं. पटलं नाही. जेवण अर्धं सोडलं.

चैत्रात अंगावरून वारं गेलं तेव्हापासून या उजव्या हाताचीच पूजा चाललीय. तंजावरचे डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा, आवडीचं काहीतरी द्या आणि रोज काय केलं ते लिहा. म्हणून हे लिहिणं. दाबायला रबरी चेंडू दिला, तो कोपऱ्यात फेकला. मृदंग पुढं ठेवला, तर पाठ फिरवली. पंचवीस वर्षं भजनात वाजवलेला मृदंग. धरलं ते हे एवढंच, माधूचं खेळणं. आणि त्यानंच दसऱ्यानंतर कॉफीचं तंबलर उजव्या हातानं उचलायला लागले होते.

आज उचललं नाही.

मंगळ. ४

शेजारच्या अलमेलु मामी म्हणाल्या, दृष्ट. पेटी आली तेव्हा अख्खी गल्ली बघून गेली, मग काय होणार. त्यांनी मिरच्या-मीठ ओवाळून टाकलं. मी नको म्हटलं नाही. हे म्हणाले, "मामी, पेटीची काढली, माझी पण काढा." मामी हसल्या. मज हसू आलं नाही.

माधूचं म्हणणं वेगळं. व्होल्टेज. संध्याकाळी गल्लीतले मोटर-पंप लागले की दिवे तांबडे होतात हे खरं. म्हणून फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून पेटीला लावला. फ्रिज बंद, दूध नासलं. पेटी तरी चालावी ना. स. चालली, दु. चेंडू थांबला. दुपारी कुठले पंप? आणि दिवा चांगला लख्ख होता.

म्हणजे व्होल्टेज नव्हे. दूध फुकट गेलं.

गुरु. ६

पुन्हा बूथ. मागं माणसं उभी, त्यांनी सगळं ऐकलं. माधू सांगत गेला आणि मी डोक्यात ठेवत गेले. वायर काढायची, बाजूचा पत्रा काढायचा, आतल्या दोन हिरव्या पट्ट्या उपसायच्या, त्यांच्या पिवळ्या कडा शाळेतल्या खोडरबरानं घासायच्या, परत खुपसायच्या, कट् आवाज येईपर्यंत. अंगठा कापला. जिथं पापडाचं लाटणंही कोणी मला दुरुस्त करू देत नाही तिथं मी कंप्युटर उघडला.

चालू झाला. हे जवळ येईनात. "तू खेळ आधी," म्हणाले. मी बसले. माझा चेंडू लगेच खाली, परत खाली, परत. हे मागं उभे. म्हणाले, "तुज तालच नाही. येतो केव्हा ते बघू नको, येणार कुठं तिथं आधी हात नेऊन ठेव." मग मज उठवलं आणि स्वतः बसले. बसले म्हणजे काय, रंगले. जीभ दातात धरून. मृदंग वाजवताना धरायचे तशी.

मी आत जाऊन भात चढवला. देवाला काही बोलले नाही, उगाच कशाला.

भात उतरवायच्या आत आवाज बंद. बाहेर येऊन बघते तर चेंडू वरच्या कोपऱ्यात टांगलेला, आणि यांनी हात उपरण्याखाली लपवलेला. जसं काही मी बघितला नाही तर तो बराच राहील.

शनि. ८

दोन दिवस पेटीला शिवले नाहीत. तंबलर नाही, सदऱ्याचं बटण नाही. डाव्या हातानं जेवायची लाज, म्हणून मी भरवते. आज माझी जीभ सुटली. म्हटलं, यंत्र थांबलं तर यंत्राचा दोष, तुम्ही थांबलात तर कोणाचा? उपरणं ओढून भिंतीकडे वळले. भांडले असते तर बरं.

सं. भजन चालवणाऱ्या भागवतरांनी निरोप पाठवला. मार्गळी महिन्यात पहाटेचं भजन सुरू होणार, मृदंगाला अण्णा येतात की दुसरा कोणी बघू? विचारणं चूक नाही. त्यांनाही सोय बघायला हवी. पण हे आतून म्हणाले, "बघा म्हणावं दुसरा." मी निरोप्याला सांगितलं, ते ऐकू नको, मी कळवते.

माधूला फोन. उद्या आला नाहीस तर पेटी विहिरीत टाकते म्हटलं. येतो म्हणाला.

रवि. ९

आला पहिल्या बसनं. कॉफी पण नंतर म्हणाला. पत्रा काढला, पेटी चालू केली, आत बॅटरी मारली. मग म्हणाला, "वहिनी, पंखा फिरत नाहीय."

पेटीच्या डोक्यावर एक एवढासा पंखा असतो म्हणे, डोकं थंड ठेवायला. तो जाम. मधोमध वाळलेलं चंदन, वर कुंकू.

सरस्वतीपूजेला घरातलं जे जे कामाचं ते ते सगळं पूजेला मांडतो. पुस्तकं, कात्री, विळी, मृदंग, माधूची स्कूटर दारात. माधू तेव्हा पेटी जोडतच होता, पत्रा उघडा. सगळ्याला गंध लावलं. पेटीला कोणी लावलं?

"मीच लावलं," म्हणाला. "चक्र दिसलं, चक्राला लावलं. ओलं होतं तोवर फिरला असेल. वाळल्यावर खपली सुटून आत गेली."

मी म्हटलं, स्कूटरच्या चाकाखाली लिंबू ठेवलंस, इथं ठेवायचं राहिलं वाटतं. इंजिनियर तू. खाली मान घालून हसला. मग त्यानंच सांगितलं की खेळात डोक्याला काम फार, तापतं, तापलं की जागच्या जागी थिजतं. एवढंच.

टाचणीनं खरवडलं, शिलाई मशीनचं तेल घातलं. पंखा कण्हत फिरला. दुपारभर माधू खेळला, एकदाही थांबलं नाही. पण म्हणाला, याचा भरवसा नाही, नवा बसवायला हवा. आणि इतकं तापून आत आणखी काही बिघडलं असेल तर आत्ता सांगता येणार नाही. बरं, सांगता येत नाही हेही मलाच सांगायचं.

यांना बोलावून खपली दाखवली. बघा, हे थांबत होतं, तुमचा हात नव्हे. यांनी खपली हातात घेतली. डाव्या. वास घेतला.

"दोघांनी मिळून चांगली गोष्ट रचलीत," म्हणाले, आणि झोपाळ्यावर जाऊन बसले.

माधूचं तोंड उतरलं. जाताना म्हणाला, अण्णांना नको असेल तर पुढच्या खेपेला पेटी घेऊन जातो वहिनी, डोळ्यांपुढं नसलेली बरी. मज काय ठाऊक, असलेली बरी का नसलेली.

मंगळ. ११

काल काही नाही. पाऊस.

आज मी आत वांगी चिरत होते आणि कळांचा आवाज आला. कोणी सांगितलं नाही, आपणहून बसले. विळीवरचा हात थांबवून ऐकत राहिले. टक टक, टकाटक. बराच वेळ. मग काही नाही.

मी उठले नाही. उठू नये असं वाटलं. मग उठले.

चेंडू पडद्याच्या मधोमध उभा. हे त्याच्याकडे बघत बसलेले, या वेळी चेंडूकडेच. पंख्याचा आवाज येत होता, कान लावला, येत होता.

"परत?" म्हटलं.

"मी थांबवलाय," म्हणाले.

थांबवायची एक कळ आहे खरी, माधूनं दाखवली होती, परत दाबली की पुढं चालतो. दाबली असती की कळलंच असतं, थांबवलाय तो यंत्रानं का यांनी. मी बोट पुढं केलं. यांनी माझं मनगट धरलं. उजव्या हातानं. पकड काय, ढिलीच. पण सोडलं नाही.

"राहू दे," म्हणाले.

खरंच यांनी थांबवला होता की मज बरं वाटावं म्हणून म्हणाले, ठाऊक नाही. मी दाबली नाही ती कळ.

विळीपाशी परत येऊन तिथूनच मोठ्यानं सांगितलं. शुक्रवारी भागवतर स्वतः येणार आहेत. दर वेळी मी दारात उभी राहून लोकांना कळवते-कळवते म्हणणार नाही. मार्गळीत जाणार की नाही, पेटी ठेवायची की माधूनं न्यायची, दोन्ही तुम्हीच तुमच्या तोंडानं सांगायचं. हो तर हो, नाही तर नाही, मी रडणार नाही. पण गुरुवारी दिवे लागायच्या आत मज उत्तर पाहिजे.