पानाच्या तळाशी

नाना, माझं मॅट्रिकचं इतिहासाचं पुस्तक परवा पुरतं वाचून झालं. तुम्ही मला वाचून दाखवायचात तेच. जयेंद्रगंजातलं घर सोडताना ते भावाच्या ट्रंकेत गेलं आणि तिथंच राहिलं. आता त्याच्या नातीनं एकेका पानाचे फोटो काढून ते संगणकावर चढवलं, शीर्षकाला शीर्षक, जाड अक्षराला जाड अक्षर अशा खुणा करून, म्हणजे आंधळ्यांसाठीचं यंत्र मला ते तसंच बोलून दाखवतं. यंत्रात एक हिंदी बाई बसलेली आहे. आवाज कोरडा, शिळ्या पोळीसारखा, पण ती काही गाळत नाही. ‘शीर्षक, स्तर दो’ म्हणते, ‘मोटे अक्षर’ म्हणते, आणि पानाच्या तळाशी आली की ‘फुटनोट’ म्हणते. प्रत्येक धड्याखाली फुटनोटा आहेत, नाना. मला त्यातली एकही ठाऊक नव्हती.

तुम्ही मला पान दाखवायचात ते निराळंच. आई पोळ्या लाटतेय, मी पाटावर, तुम्ही कचेरीतून येऊन, हातपाय धुऊन शेजारी. मथळा आला की पाटावर बोटानं टकटक करता. जाड अक्षरातला शब्द आला की माझं मनगट अंगठ्यानं दाबता, आणि मला कळतं, हा परीक्षेत येणार. नवा परिच्छेद आला की पुरता एक श्वास थांबता. शेवटी म्हणता, ‘पान संपलं.’ गल्लीतल्या डोळस मुली पुस्तक वाचतात, मी ते बघते, असा माझा तोरा होता. तुमच्या अंगठ्यावर माझा देवावर होता त्याहून जास्त विश्वास होता.

त्याच सुमारास मध्यभारत मोडून मध्यप्रदेश झाला. कचेऱ्या भोपाळला निघाल्या, संस्थानातल्या दरबारच्या वेळच्या नोकरमाणसांची छाननी सुरू झाली. कोणाला नव्या नोकरीत घ्यायचं, कोणाला पेन्शन देऊन घरी बसवायचं. तुमचीही छाननी व्हायची होती. मी लेखनिक घेऊन परीक्षेला बसले. लेखनिक बाईंनी इतिहासाचा पेपर वाचला आणि टिपा लिहायच्या प्रश्नातलं एकही नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. घरी येऊन मी तुम्हालाच विचारलं, हे पुस्तकात होतं का. तुम्ही जराही न अडखळता म्हणालात, ‘नव्हतंच ते पुस्तकात. नवीन बोर्ड आहे, कोर्सच्या बाहेरचं विचारून राहिलेत.’ सगळ्यांना पटलं. तेव्हा नळाला पाणी कमी आलं तरी आपली मराठी गल्ली भोपाळला बोल लावायची. मी इतिहासात नापास झाले. मास्तरीण व्हायचं होतं मला. त्याच वर्षी तुमची भोपाळला बदली झाली, घर हललं, आणि पुन्हा परीक्षेला बसवायचा विषय कोणी काढला नाही. मी जन्मभर भावाच्या घरी भाजी निवडली आणि भोपाळला शिव्या घातल्या.

ती नावं सगळी फुटनोटांत आहेत. पहिल्यांदा वाटलं, तुम्ही कंटाळा केलात. मग त्याहून वाईट वाटलं, की मुलगी पास होऊन हाताबाहेर जाऊ नये म्हणून केलंत. पुन्हा ऐकायला बसले, तर फुटनोटाच नव्हे, नकाशातली गावं, चित्रांखालच्या ओळी, तेही तुम्ही कधी वाचलं नव्हतं. मी भावाच्या नातीला विचारलं, या सगळ्यात सारखं काय आहे. ती म्हणाली, ‘आजी, इतके छोटे अक्षर हैं ना, मलाच चष्मा लागून जाईल.’

मग एकेक आठवत गेलं. त्या वर्षी तुम्ही वाचायला खिडकीशी बसू लागला होतात. वर्तमानपत्र भावाला मोठ्यानं वाचायला लावायचात, त्याचे उच्चार सुधारायला म्हणून. भोपाळला तुम्ही कचेरीच्या जिन्यावरून पडलात तेव्हा आई म्हणाली, नजर एकाएकी गेली. एकाएकी कुठली? छाननीवाल्यांना कळलं असतं तर तुम्हाला घरी बसवलं असतं, म्हणून तुम्ही तोंड मिटून होतात. त्यांच्यापासून लपवलंत ते मला समजतं. पण माझ्यापासून? घरात एक आंधळी बसलेली होती, आणि तिच्यापासून? तळाशी काहीतरी आहे एवढं तुम्हाला दिसत असणारच. ‘मला हे दिसत नाही, दुसऱ्या कोणाकडून वाचून घे,’ एवढं बोलायचं होतं. माझ्यासारखं होण्याची तुम्हाला इतकी लाज वाटली, नाना, की त्यापेक्षा माझं नापास होणं परवडलं. मनगट दाबणारा तुमचा अंगठा मला आता नकोसा वाटतो.

हे सगळं मी यंत्रापुढे बोलून लिहवून घेतलं. नात विचारते, कोणाला पाठवू. मी म्हटलं, राहू दे, कुठेच नाही. तिला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. राग नंतर आला. तुम्हाला ते अक्षर दिसतच नव्हतं हे लक्षात आलं, तेव्हा सगळ्यात आधी मला बरं वाटलं होतं. वाटलं, म्हणजे त्या स्वयंपाकघरात मी एकटी नव्हते.