उत्तरं तेवढी वाचली

४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझी, तुझ्या दुखऱ्या मनगटाची आणि हॉस्पिटलातल्या त्या खडखडणाऱ्या धुलाईयंत्रांची, अशी तिघांची खुशाली कळव. आई बरी आहे. तीन जिने चढून वर आली की पाच मिनिटं बोलत नाही, एवढंच. मला दीक्षा मिळून मी पाळक झालो की चर्चच्या आवारातलं तळमजल्याचं घर मिळेल, या आशेवर ती ते जिने चढते आहे.

त्याचसाठी तुझी मदत हवी. मे महिन्यात पंच कमिटी माझी परीक्षा घेणार आणि शास्त्रातले अवघड उतारे हा त्यांचा हातखंडा विषय. पाळकांच्या शाळेतल्या आमच्या गुरुजींकडे प्रत्येक विसंगतीवर तयार उत्तर असतं. प्रभूला पकडून देणाऱ्याने फास घेतला असं एकीकडे आहे, तो कोसळून पडला आणि पोट फुटून मेला असं दुसरीकडे. गुरुजी सांगतात, आधी फास घेतला, मग दोर तुटला. मी मान डोलावतो आणि मनात म्हणतो, दोर तुटल्याचं कुठे लिहिलंय?

दुसरं, बापाच्या अपराधाचं शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत जातं असं एका ठिकाणी, आणि मुलगा बापाचं पाप वाहणार नाही असं दुसऱ्या. बाबांनी दारूपायी काय केलं ते तुला ठाऊक आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकातला नाही. कधी कधी वाटतं, हे सगळं एका हातचं नाहीच. गुरुजींसमोर असं बोललो तर दुपारच्या आत माझं नाव शाळेच्या पटावरून गेलेलं असेल. तुझ्यापाशी बोलता येतं.

तू तुझ्या बायकांच्या वर्गाला सांगतेस तसं सोपं करून लिही. वाट पाहतो. माया आहेच, ती असू दे.

तुझा,
शंकोबा

१५ फेब्रुवारी

चि. शंकोबास,
अ. आ.

सारख्या शंका काढतोस म्हणून हे नाव मीच ठेवलं आणि आता मलाच भोवतंय. मनगटाला पट्टा बांधलाय. यंत्रांपैकी एक कायमचं बंद पडलं, तेव्हा चादरींची गाठोडी माझ्या टेबलापर्यंत रचलेली असतात आणि धुलाईतल्या मुलींना माझं फक्त डोकं दिसतं.

दोर तुटल्याचं लिहिलेलं नाही, म्हणून मी तो तोडत नाही. एक मरण दोघांनी ऐकलं, दोन तऱ्हांनी सांगितलं. तुझे बाबा गेले तेव्हा ताईने एक सांगितलं, शेजाऱ्यांनी वेगळंच. खोटं कोणीच बोलत नव्हतं. वर्गातल्या शिवणवालीने हेच विचारलं होतं, तेव्हा मी सांगितलं की मला माहीत नाही. आकाश कोसळलं नाही. तिने पुढचा अध्याय काढला.

तिसऱ्या-चौथ्या पिढीचं मला धमकीसारखं वाटत नाही. ते मी तुमच्या घरात घडताना पाहिलंय. प्यायचा तो, आणि दाराची कडी वाजली की दचकायचास सात वर्षांचा तू. अपराध तुझा नव्हता, भोगलास तू. पुढे संदेष्टा जे म्हणतो, ते न्याय करायला बसलेल्यांना सांगतो, की खबरदार, पोराला दोषी धरू नका. एक वाक्य घरात काय होतं ते सांगतं, दुसरं न्यायाच्या जागी काय व्हावं ते. दोन्ही असू देत. एकाला मारून दुसरं जगवायची घाई तुझ्या गुरुजींना आहे, मला नाही.

अभ्यास कर आणि जेवत जा. ताईला जपून चढायला सांग. जीव लावून आहे.

तुझी,
मावशी

१ मार्च

ती. मावशीस,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. दोन वर्षांत गुरुजींनी जे दिलं नाही ते तू एका पानात दिलंस. शब्द न् शब्द मला पटतो.

आता खरा अवघड उतारा. कमिटीचे सेक्रेटरी परवा आमच्याकडे येऊन गेले. आपल्या सगळ्या गावांतल्या मंडळ्यांवर एकच कमिटी, त्यामुळे तुझा वर्गही त्यांच्या कानावर आहे. बायकांना बाई शिकवते ते ठीक, पण हल्ली दोघीचौघींचे नवरेही मागच्या बाकावर येऊन बसतात म्हणे, असं ते हसत म्हणाले. मग मला बायकांनी मंडळीत गप्प राहावं तो उतारा तयार करायला सांगितला. प्रेषिताच्या ज्या पत्रात तो आहे, त्याच पत्रात तीन अध्याय आधी बायका मंडळीत बोलताना दिसतात. हे कसं बसवायचं?

माझं मत तुझ्यासारखंच आहे हे तुला माहीत आहे. तरी तुझ्या शब्दांत हवंय. हातचं काही राखू नकोस. हे तुझ्यामाझ्यात राहील.

तुझा,
शंकोबा

१२ मार्च

चि. शंकोबास,
अ. आ.

सेक्रेटरींना सांग की ते नवरे बायकोची पिशवी धरायला येतात आणि जाताना वचन पाठ करून जातात. त्यात मंडळीचं नुकसान काय?

अकराव्या अध्यायात प्रेषित म्हणतो, बाईने प्रार्थना करताना आणि संदेश देताना डोकं झाकावं. म्हणजे त्या बोलत होत्या. चौदाव्यात म्हणतो, त्यांनी गप्प राहावं. तोच माणूस, तेच पत्र. पण ते पत्र म्हणजे उत्तर आहे, हे लोक विसरतात. तुम्ही मला ज्या गोष्टींविषयी लिहिलंत, असं तो स्वतःच म्हणतो. त्यांनी काय लिहिलं होतं ते पत्र आज कोणाकडे नाही. आपण उत्तरं तेवढी वाचतो आणि प्रश्न आपल्या सोयीने घालतो. कदाचित गप्प बसवायची भाषा त्या लोकांची असेल आणि प्रेषित त्यांचंच वाक्य खोडायला त्यांच्यापुढे धरत असेल. कदाचित त्या सभेत गोंगाट माजला असेल. कदाचित प्रेषित त्या ओळीत चुकला असेल. हे शेवटचं मी बावीस वर्षांत वर्गात बोललेले नाही. तू हातचं राखू नको म्हणालास म्हणून लिहिलं.

वर्गात मी दोन्ही अध्याय मोठ्याने वाचते आणि थांबते. पुढचं त्या बोलतात. बसवर तिकिटं फाडणारी आमची एक जण बोलायला लागली की प्रेषितालाही जागा मिळायची नाही.

परीक्षेत हुशारी दाखवू नकोस, विचारतील तेवढं सांग. खुशालीचं पत्र येऊ दे.

तुझी,
मावशी

२६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

 काल मला कमिटीपुढे बोलावलं होतं. वर्गाच्या नव्या खोलीचं काही असेल असं समजून मी पाळी बदलून गेले. टेबलाच्या पलीकडे पाच जण, आणि टेबलावर मी तुझ्या मुलाला लिहिलेली दोन्ही पत्रं. तांबड्या पेन्सिलीने खुणा केलेली. सेक्रेटरींनी विचारलं, अक्षर तुमचं का? मी हो म्हटलं. मग त्यांनी प्रेषित चुकला असेल ही ओळ वाचून दाखवली. फक्त तेवढी. आधीची ओळ वाचा म्हटलं, तर म्हणाले, आधीचं आम्ही वाचलंय.

पंधरा दिवसांत लेखी मागे घ्यायचं, चुकलं म्हणून सही करायची, नाहीतर वर्ग सोडायचा.

मी म्हटलं, ही उत्तरं आहेत, मला विचारलं गेलं म्हणून लिहिलीत. त्यावर एक जण म्हणाले, तुम्हाला कोण कशाला विचारेल? आणि पाचही जण हसले.

ताई, कोणीतरी त्याच्या खोलीतून पत्रं उचलली असणार. त्याला सावध कर. त्याने मला काय काय लिहिलंय ते माझ्या ट्रंकेत आहे. ते दाखवलं तर कोणी कोणाला काय विचारलं ते दहा मिनिटांत उघड होईल. पण त्याला विचारल्याशिवाय दाखवणार नाही. लगेच कळव.

तुझी,
धाकटी

१ जून

चि. धाकटीस,
अ. आ.

पत्रं कोणी उचलली नाहीत गं. त्यानेच दिली.

रागावण्याआधी पूर्ण वाच. परीक्षेत त्याच्या तोंडून तुझं ते प्रेषित चुकल्याचं बोलणं निघून गेलं.  हे विचार कुठून आणलेस म्हणून त्यांनी धारेवर धरलं. तो घाबरला. लहानपणी घाबरायचा तसा. म्हणाला, विचार माझे नाहीत, मावशीचे आहेत. मावशी काय शिकवते ते कळावं म्हणून मीच तिला विचारत होतो. मग त्यांनी पुरावा मागितला. घरी आला, जेवला नाही, पत्रं घेऊन गेला. मी दारात उभी होते. अडवलं नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही.

पुढच्या महिन्यात दीक्षा आहे. घराची किल्ली परवा मिळाली. धाकटे, माझे गुडघे आता जिना चढत नाहीत, गेल्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावर बसून राहिले तर शेजारणीने हाताला धरून वर आणलं. तू त्याची पत्रं दाखवलीस तर त्याची दीक्षा जाईल आणि ते घरही. मी या वयात कुठे जाऊ? तुझा वर्ग गेला तरी तुझी नोकरी आहे, तुझी खोली आहे. मी काय मागते आहे ते मला कळतं. तरी मागते.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई

९ जून

ती. ताईस,
सा. न.

सही केली नाही. वर्ग सोडला.

काल शेवटचं म्हणून बायकांना सांगायला गेले. कारण विचारलं, तर मनगट दुखतं म्हटलं. शास्त्र शिकवायला मनगट कशाला लागतं, असं बसवाली म्हणाली. मी हसले. बाहेर आल्यावर जिन्याखाली खूप वेळ उभी राहिले.

ट्रंक उघडलेली नाही. तू खालच्या घरात राहायला जा. एवढं पुरे, आज लिहवत नाही.

तुझी,
धाकटी

३० ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. आ.

तू पत्र लिहीत नाहीस, म्हणून मीच लिहिते. दीक्षेला आली नाहीस. तुझी खुर्ची मी पिशवी ठेवून धरली होती. घर छान आहे. दारातून थेट अंगणात जाता येतं, ऊन स्वयंपाकघरापर्यंत येतं.

तुला एक सांगायचंय, तुला बरं वाटेल. गेल्या रविवारी त्याने उपदेश केला तेव्हा माणसं हुंदके देत होती. प्रेषिताची पत्रं म्हणजे उत्तरं आहेत, प्रश्नांची पत्रं हरवली, आपण उत्तरं तेवढी वाचून एकमेकांना दोषी ठरवतो, असं इतकं सुंदर सांगितलं! सेक्रेटरी स्वतः त्याचा हात धरून म्हणाले, असा खोल विचार तरुण पाळकात क्वचित दिसतो. तो उपदेश छापणार आहेत म्हणे. मला वाटलं, हे तू लहानपणी त्याच्यावर जे संस्कार केलेस त्याचंच फळ. तुझी आठवण आली.

तब्येत कळव. जीव तुझ्यापाशी अडकलेला असतो.

तुझी,
ताई

२२ सप्टेंबर

ती. मावशीस,
सप्रेम सलाम वि. वि.

खूप दिवसांत लिहिलं नाही, कामाचा रगाडा आहे. जे झालं त्याचं मला वाईट वाटतं, पण माझा नाइलाज होता, हे तू समजून घेशील. माझ्याइतकं तुला कोणी ओळखत नाही आणि तुझ्याइतकं मला.

एक अडलंय. पुढच्या रविवारी मला नेमून दिलेल्या अध्यायात प्रभू म्हणतो, भावाने अपराध केला आणि समजावूनही ऐकलं नाही, तर त्याला परका समज. आणि पाचच वचनांनंतर म्हणतो, सात वेळा नाही, सत्तर गुणिले सात वेळा क्षमा कर. एकाच बैठकीत दोन्ही. टीकाग्रंथ चाळले, सगळं कोरडं. तुझ्यासारखं उलगडून कोणी सांगत नाही. दोन ओळी लिही. या वेळी वाचून लगेच फाडून टाकीन, काळजी करू नकोस.

शक्य झालं तर वर्गाच्या जुन्या वह्याही पाठव. इथे धूळ बसणार नाही. आशीर्वाद असू देत.

तुझा,
शंकोबा

२८ सप्टेंबर

चि. भाच्यास,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. वह्या पाठवणार नाही. त्यात बायकांची नावं आहेत आणि कोणी काय विचारलं तेही आहे.

इथल्या वर्गाला आता कमिटीने पाठवलेले एक गृहस्थ पुस्तकातून वाचून शिकवतात. अर्ध्याजणी येईनाशा झाल्या. मीही जात नाही. हॉस्पिटलात रविवारची पाळी मागून घेतली. ती कोणालाच नको असते, लगेच मिळाली. सकाळी ऑपरेशनचे हिरवे कपडे धुऊन काढायचे, मग चादरी. यंत्रांचा आवाज इतका असतो की दिवसभर तोंड उघडायची गरज पडत नाही.

तू विचारलेला अध्याय कमिटीपुढे उभी राहिल्यापासून रोज वाचते आहे. मला तो उलगडलेला नाही. तुझ्यापासून राखून ठेवते आहे असं समजू नकोस, खरंच उलगडलेला नाही. दोन्ही वचनं शेजारी शेजारी असू देत, असं मी बावीस वर्षं बायकांना सांगत आले. तेव्हा माझा असा कोणी अपराध केला नव्हता. आता एक वाचते आणि तुझं लहानपणचं तोंड आठवतं. दुसरं वाचते आणि ते पाच जण हसलेले आठवतात. तुझी पत्रं कोणाला दाखवली नाहीत, दाखवणार नाही. परतही करणार नाही. याला क्षमा म्हणायचं की परकं समजणं, मला सांगता येत नाही.

ताईला जप. तुझ्यावर तिचा जीव आहे, आता तो तिच्या एकटीचाच आहे.

रविवारी तू या अध्यायावर काय सांगितलंस, ते तिला मला कळवायला सांग.

मावशी