राक्षसांची मराठी

फेल्डहोवन,
नेदरलँड्स, ३ मार्च २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि. विशेष ते खाली क्रमाने देते.

१. काल दुपारी माझ्या घरी मुलांचा खेळ चालू होता. खेळायला आपली सलोनी, तिच्या वर्गातला ओमकार आणि माझ्या शेजारची फेम्के.
२. दादाने पुण्याला व्हिडिओ कॉल लावला आणि न सांगता फोन सलोनीच्या तोंडासमोर धरला.
३. सलोनी तुला म्हणाली, की थेरडे, जवळ ये, तुला गिळते.
४. तू फोन बंद केलास.
५. दादा माझ्यावर ओरडला. सलोनी रडली. त्या गडबडीत फेम्केने सगळ्यांचे शंकरपाळे संपवले.
६. ते वाक्य सलोनीला मी शिकवलं होतं.

अकरा वर्षांची नात आजीला असं बोलते म्हणजे दादाच्या घरात काय चाललंय, असं तुला वाटलं असणार. दादाच्या घरात काही चाललेलं नाही. सलोनी त्या वेळी सलोनी नव्हती, राक्षसीण होती. टेबलाभोवती बसून सगळ्यांनी मिळून एक गोष्ट रचायची, असा हा खेळ आहे. प्रत्येकाचं एक पात्र असतं. काही अवघड करायचं असेल तर फासे टाकायचे. मी सूत्रधार, म्हणजे गाव, जंगल, हवामान आणि उरलेली सगळी माणसं माझ्याकडे. आमच्या गोष्टीत राक्षस मराठी बोलतात. फोनकडे मान वळवताना सलोनीला भाषा बदलायला वेळ मिळाला नाही, एवढंच.

फोनवर तू मला मधेच तोडतेस म्हणून ई-मेल करते आहे. बाबा छापून देतील.

लोभ होता तेवढा राहिला तरी पुरे.

वैदेही


पुणे,
६ मार्च २०२५

चि. वैदेहीस,
अनेक आशीर्वाद. आज ते तोंडातल्या तोंडात आहेत, ऐकू आले नाहीत तर माझी तक्रार नाही.

तुझं पत्र ह्यांनी छापून दिलं आणि वर स्वतःच मोठ्याने वाचून दाखवलं. शंकरपाळ्यांपाशी इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मला हसू आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे तीन महिने राहिले. त्या तीन महिन्यांत पोर माझ्याशी ओके आजी आणि नो थँक यू आजी याच्यापुढे गेली नाही. तुझी वहिनी शलाका बिचारी कामावरून येऊन दोघींच्या मधे दुभाषी व्हायची. सकाळी सगळे सायकली काढून गेले की मी त्या खिडकीत बसून बदकं मोजायची. एकदा सलोनी शाळेतून रडत आली, खोलीत गेली. मी दाराबाहेर उभी. आत जाऊन काय बोलू? तिला कळेल असं मला येत नव्हतं आणि मला येतं ते तिला कळत नव्हतं. म्हणूनच यंदा येत नाही असं तुझ्या दादाला, अभिजितला कळवलंय. त्यात रुसवाफुगवा काही नाही. तिथे बसून मी बघत राहू तरी किती?

आणि आता पोरीने तोंड उघडलं तर थेरडे! तुला एक विचारते, इंजिनीयरबाई. त्या गोष्टीतली सभ्य गावकरी मंडळी कुठली भाषा बोलतात? डच ना? आणि गुहेत राहणाऱ्या, शिंगंवाल्या, कच्चं खाणाऱ्यांना तू आपली मराठी दिलीस. वा गं वा. चांगलं नाव काढलंस.

हे म्हणतात की पोरीचा ळ स्वच्छ आहे, जवळ आणि गिळते दोन्हींतला. अभिजितला पाचवीपर्यंत जमत नव्हता. ते खरं आहे. पण मला त्याने बरं वाटलं असं समजू नकोस.

राग आहे. तो माझ्याच्याने फार दिवस धरवत नाही हे तुम्हां दोघांना ठाऊक आहे, त्याचा गैरफायदा घेऊ नये.

आई


फेल्डहोवन,
१० मार्च २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि. तुझा प्रश्न बरोबर आहे. भाषा ठरवताना मी त्या बाजूने विचार केला नव्हता. फेम्केचं पात्र म्हणजे माणसांचा एक सरदार आहे. राक्षस आपसांत बोलतात ते त्या सरदाराला कळू नये, एवढीच माझी गरज होती. सलोनी आणि ओमकार दोघांना मराठी कानाने कळते, फेम्केला नाही. म्हणून मराठी.

राक्षसांबद्दल मात्र तुझा एक गैरसमज दुरुस्त करते. पूर्वी आमच्या गोष्टीत ते फक्त मारण्यासाठी असायचे. गुहेत शिरायचं, फासे टाकायचे, पुढे जायचं. राक्षसाला नाव नसायचं. एके दिवशी सलोनीने विचारलं, की बाहेरून आत येणाऱ्यांपैकी कोणी होण्याऐवजी मी गुहेत आधीपासून असणारी होऊ का? नियमांत ते बसतं. तिने राक्षसीण घेतली. शिंगांना वेढे आहेत म्हणून नाव चकली. ओमकार लगेच सरडामाणूस झाला. तेव्हापासून सगळं उलटं झालं. चकली मेंढ्या का पळवते, गुहेत थंडी वाजते का, गावकरी दार का लावून घेतात, हे सगळं विचारात घ्यावं लागतं. खेळ अवघड झाला आहे आणि बराच सुधारला आहे.

सुरुवातीला चकलीला फक्त धमक्या लागत होत्या. त्या मी पुरवल्या. तंगडं मोडून हातात देईन. थोबाड रंगवीन. उलटी टांगीन. गिळा आता एकदाचं. ही वाक्यं ओळखीची वाटत असतील तर कारण उघड आहे. मी एकही नवीन बनवलं नाही. दादाला आणि मला लहानपणी जे रोज ऐकू यायचं तेच दिलं. थोडक्यात, राक्षस मराठी बोलतात हे पूर्ण खरं नाही. ते तुझी मराठी बोलतात.

अडचण वेगळीच आहे. काल सलोनीने विचारलं, की राक्षस चिडलेले नसतात तेव्हा काय बोलतात? मी सांगितलं, बरं, ठीक आहे, चालेल. ती म्हणाली, की आत्या, हे तर तू ऑफिसमधल्या लोकांशी बोलतेस तसं झालं. ओमकारनेही मान हलवली. मी आणखी शब्द शोधले. सापडले नाहीत.

तरी पुढील प्रसंगी राक्षसीण काय म्हणेल ते कळवावं: पिल्लू पडल्यास, पिल्लू जेवत नसल्यास, पाहुणा दारात आल्यास, स्वतः घराबाहेर निघताना, आणि कोणावर माया असल्यास.

दादा अजून माझ्याशी नीट बोलत नाही. वहिनी बोलते, पण हसते.

लोभाबद्दल काही आग्रह नाही. शब्द मात्र पाठव.

वैदेही


पुणे,
१५ मार्च २०२५

चि. वैदेहीस,
आशीर्वाद, या वेळी मोठ्याने.

तंगडं मोडून हातात देईन असं मी म्हणत असे. मोडलं का एकदा तरी? दिलं का हातात? आणि तू ते सगळं जपून ठेवलंस आणि बाकीचं टाकून दिलंस? बाकीचं काय थोडं होतं? ह्यांना विचारलं तर म्हणाले, की मुलांना मोठा आवाज लक्षात राहतो. म्हणजे चूक माझीच. ठीक.

लिहून घे. पिल्लू पडलं तर आधी धावायचं नाही, नाहीतर ते जास्त रडतं. लांबूनच म्हणायचं, मुंगी मेली, मुंगी मेली, ऊठ. राक्षसीण आहे तर हत्ती मेला म्हणू दे. जेवत नसेल तर एक घास चिऊचा, एक घास काऊचा. तुमच्या गुहेत चिऊकाऊ नसतील तर एक घास वाघाचा. पाहुणा दारात आला की आधी पाणी, मग बस गं, किती वाळलीस, असं म्हणायचं. वाळलेला असो नसो. घरातून निघताना जाते कधीही म्हणायचं नाही. येते म्हणायचं. हे तुला मी हजारदा सांगितलंय आणि तू अजून विमानतळावर चल जाते म्हणतेस.

आता माया. माया असेल तर ठमे म्हणावं, बबडे म्हणावं. पण खरं सांगू का, फार माया आली की राक्षसीणसुद्धा मेले असंच म्हणेल. कुठे होतीस मेले इतका वेळ. शब्द तोच, शिवीचाच. सूर खाली घ्यायचा आणि शेवटी जरा ओढायचा. तो सूर कागदावर उतरत नाही गं. मी इथे स्वयंपाकघरात चारदा म्हणून पाहिलं, लिहायचं कसं ते समजेना. हे बाहेरून ओरडले, की कोणावर चिडलीस?

तेवढं तुझं तू जमव. माझं येण्याचं पुन्हा काढू नकोस. पोर राक्षसीण असताना मराठी बोलते. मी आले की पुन्हा सलोनी होईल, आणि मी बदकांपाशी.

लोभ काय, तो तुझ्या विनंतीची वाट बघत थोडाच थांबतो.

आई


फेल्डहोवन,
२४ मार्च २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि. तुझे शब्द काल वापरले. निकाल असा.

ओमकारचा सरडामाणूस झाडावरून पडला. चकलीने लांबूनच हत्ती मेला म्हटलं. फेम्केला एवढं कळलं, की कोणीतरी मेलं आहे. तिच्या सरदाराने टोपी काढली.

नंतर चकली प्रथमच गावात पाहुणी म्हणून गेली. पाणी मागितलं, प्यायली, सरदाराला किती वाळलास म्हणाली आणि निघताना सांगून निघाली, की येते. आता, इतक्या रविवारांत ये म्हणजे काय ते फेम्केला समजलं आहे. तिने येते ऐकलं आणि तिची खात्री पटली, की राक्षसीण परत चाल करून येणार. सरदाराने वेशीचे दरवाजे लावले, मशाली पेटवल्या, गावकऱ्यांना काठ्या वाटल्या आणि सगळं गाव रात्रभर जागं ठेवलं. राक्षसीण आपल्या गुहेत झोपली होती.

मी मधे पडले नाही. सलोनीला फेम्केला डचमध्ये समजावून सांगावं लागलं. तिने बराच वेळ घेतला. शेवटी ती म्हणाली, की आमच्यात जाणारा माणूस येते म्हणतो, म्हणजे मागे राहणाऱ्याला वाईट वाटत नाही. हे शेवटचं तिला कोणी शिकवलेलं नाही. आणि आमच्यात हा शब्द तिचा आहे. मी फक्त कळवते.

त्यावर फेम्के म्हणाली, की मलाही राक्षसीण व्हायचंय. सरदार तिने सोडून दिला. आता टेबलावर एकही माणूस उरलेला नाही आणि तुझ्या मराठीला विद्यार्थी तीन.

मेले मात्र जमलं नाही. सलोनीने म्हटलं ते बसमधल्या पुढच्या थांब्याच्या घोषणेसारखं आलं. मग मी म्हणून दाखवलं. ओमकारचं मत असं, की आत्याचं त्याहून वाईट आहे. फेम्केने विचारलं, की ही नक्की मायाच ना? सूर ऐकल्याशिवाय शिकता येणार नाही, आणि फोनवर तो येत नाही. तुझी वाक्यं फोनवर फक्त मोठी होतात.

सलोनीने तुला निरोप दिला आहे. डचमध्ये नाही, इंग्रजीतही नाही, म्हणून जसाच्या तसा देते: आजीला सांग मी गिळत नाही. ये. व्याकरण मी तपासलं. बरोबर आहे.

तू म्हणतेस, तू आलीस की ती पुन्हा सलोनी होईल. शक्य आहे. पण तुझं पत्र आल्यापासून आठवडाभर ती घरातून निघताना जाते म्हणत नाही, येते म्हणते. दादाने कालपासून माझ्याशी बोलणं सुरू केलं आहे, ते याच कारणाने. वहिनी म्हणाली, की या वेळी दुभाषी व्हायला मी घरी थांबणार नाही, दोघींचं दोघी बघून घ्या.

पुढच्या रविवारी चकली आपल्या आजीच्या गुहेकडे निघणार आहे. हे तिने स्वतः ठरवलं, मी सुचवलं नव्हतं. गुहेत कोण आहे हे मला आधी पक्कं करावं लागतं. शाळेला सुट्टी जुलैत लागते. तू तेव्हा येणार असशील तर मी वाट लांबवते. दोन नद्या आणि एक दलदल घातली की जुलैपर्यंत सहज पुरेल, आणि आजीचं पात्र तू घेशील. तू येणार नसशील तर गुहा रिकामी ठेवीन. ते पात्र मला करता येणार नाही, हे मुलांनी काल दाखवून दिलं. गुहेत कोणी असलेलं मला स्वतःलाही बरं वाटेल.

बाबांना नमस्कार. लोभ कमी झालेला नाही असं धरून चालते.

शुक्रवार, २८ मार्चपर्यंत हो किंवा नाही ते कळव.

वैदेही